फडकं कोणाचं, ओरखडा कोणाचा?

आपल्या मासिकाच्या मराठी विभागात दरवर्षी काय काय येतं हे आता सगळ्यांना पाठ झालंय. पहिला पाऊस, मेसची पोळी, 'ती', आणि शेवटच्या वर्षातल्या कोणाचा तरी डोळ्यांत पाणी आणणारा निरोप. मी गाडी पुसण्यावर लिहितेय. संपादक म्हणाला, "विषय जरा ड्राय आहे गं." अगदी बरोबर! कोरडं पुसणं हाच तर विषय आहे.

आधीच सांगून ठेवते, माझी शाळा कॉन्व्हेंटची. मधल्या सुट्टीत मराठी बोललं की एक रुपया दंड. त्यामुळे वेलांटी इकडची तिकडे झाली तर समजून घ्या. 'स्वर्ल मार्क्स'ला मराठीत काय म्हणतात हेही मला मेसच्या मावशींना विचारावं लागलं. त्या म्हणाल्या, "ओरखडे की! त्यात काय एवढं?" तर ओरखडे.

आता मुद्दा. स्टाफ क्वार्टर्सच्या पार्किंगला एक नोटीस लागली आहे, सगळ्यांनी वाचली असेलच. पुढच्या सत्रापासून बाहेरच्या माणसाकडून गाड्या पुसून घ्यायच्या नाहीत. बाहेरचा माणूस म्हणजे आपले काका. गेली सात वर्षं रोज पहाटे येऊन गाड्या पुसणारे. कारण काय, तर आपल्या एका सरांच्या लाल स्पोर्ट्स कारवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक ओरखडे आलेत. ती गाडी कॉलेजात कोणाला माहीत नाही? दोन दारं, जमिनीला टेकेल इतकी खाली, आणि सर तिला शोभेची वस्तू करून न ठेवता रोज तीच घेऊन लेक्चरला येतात. (याबद्दल मला सरांचं फार कौतुक आहे. गाडी चालवण्यासाठी असते.) ओरखडे खरे आहेत, मी स्वतः मोबाइलच्या टॉर्चमध्ये बघितलेत. ते फडक्यानेच पडलेत हेही खरं. पण म्हणून काकांना काढायचं? माझं मत साफ विरुद्ध आहे, आणि मी टी. ई. मेकॅनिकलची असल्यामुळे ते मी आकड्यांत सांगणार.

मागच्या सत्रात आमची इंडस्ट्रियल व्हिजिट चाकणच्या बाजूला एका कारखान्यात होती, पेंट शॉपसकट. जायच्या आधी सूचना आली, डिओ मारून आणि केसांना जेल लावून येऊ नका. मुलं हबकली! पण कारण पक्कं आहे. त्यात सिलिकॉन असू शकतं, आणि त्याचा अंशही ओल्या रंगावर गेला तर तिथे माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. काही कारखान्यांत तर रंग देण्याआधी धूळ झटकायला शहामृगाची पिसं लावलेले रोलर फिरवतात. एवढे लाड करून रंगाचे थर चढतात. आधी विजेच्या साहाय्याने बसवलेला गंजरोधक थर, तो साधारण १७० अंशांना भाजलेला. मग प्रायमर, मग खरा रंग, आणि सगळ्यांत वर पारदर्शक क्लिअर कोट. सगळे मिळून जाडी १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोट ४० च्या आसपास. डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रॉनचा. म्हणजे अर्ध्या केसाएवढ्या थरावर गाडीची सगळी चमक उभी आहे. आणि त्यावर आपण काय फिरवतो? फाटकं बनियन.

बनियनचाही दोष नाही म्हणा. दोष धुळीचा. आपल्याकडे नवीन बिल्डिंगचं बांधकाम मी फर्स्ट इयरला असल्यापासून चालू आहे, त्यामुळे कॅम्पसमध्ये वाळूची कमतरता नाही. वाळूत क्वार्ट्झ असतं, मोहच्या मोजपट्टीवर ७. काच सुद्धा साडेपाचच्या आसपास. क्लिअर कोट तर शेवटी पॉलिमर, काचेपेक्षाही कितीतरी मऊ. गाडीवर धूळ नुसती बसलेली असते तेव्हा ती काही करत नाही. आपण कोरडं फडकं दाबून फिरवलं की त्याचा पॉलिश पेपर होतो. माझी आजी नॉनस्टिक तव्याला तारेची घासणी कोणाला लावू देत नाही. तिला मोहची पट्टी माहीत नाही, पण तत्त्व तेच.

एक गंमत सांगते. ते ओरखडे गोल दिसतात, म्हणून सगळे म्हणतात की काका गोल गोल पुसतात. तसं नाहीये! मेसमधलं स्टीलचं ताट ट्यूबलाइटखाली धरून बघा. घासून घासून त्यावर सगळ्या दिशांना चरे पडलेले असतात, पण दिव्याच्या प्रतिबिंबाभोवती मात्र वर्तुळं दिसतात. ताट हलवा, वर्तुळंही दिव्याबरोबर सरकतील. प्रकाशाच्या आडवे असलेले चरे तेवढे चमकतात, बाकीचे लपून राहतात. म्हणजे सरळ पुसा की गोल पुसा, धूळ घासली की ओरखडा नक्की.

आता काकांचं गणित. पार्किंगमध्ये १८ गाड्या. काका ६ ला येतात आणि साडेआठपर्यंत सगळं आटपावं लागतं, कारण नंतर साहेब लोक निघतात. १५० मिनिटांत १८ गाड्या, म्हणजे एका गाडीला आठ मिनिटं आणि काही सेकंद. पाणी किती? नळाला पाइप लावायला मनाई आहे. १५ लिटरची एक बादली ते सकाळभरात चारदा भरतात. म्हणजे एका बादलीत चार-पाच गाड्या! पहिल्या गाडीची वाळू पिळून बादलीत, बादलीतून फडक्यात, फडक्यातून पाचव्या गाडीवर. लाल गाडी रांगेत कितवी उभी असते ते जाऊन बघा. एका टोकाला, शेवटची.

मी काकांना विचारलं, "अहो काका, रोज कशाला पुसता? आठवड्यातून एकदा नीट धुतलं तर?" ते म्हणाले, "ताई, एक दिवस फडकं नाय फिरवलं तर लगेच इचारत्यात, आज आला नव्हता का म्हणून."

बस्स, इथे सगळं आलं. आपल्याला गाडी स्वच्छ नको असते, रोज पुसल्याची हजेरी हवी असते. आपल्या ७५ टक्के अटेंडन्ससारखं!

आणि काकांना काढून गाड्या कुठे धुणार? हायवेवरच्या वॉशिंग सेंटरला? तिथे जो स्पंज ट्रकच्या मडगार्डवर फिरतो तोच तुमच्या बॉनेटवर येतो, मधे एकदा चिखलात पडून. काही ठिकाणी खालच्या बाजूला डिझेलचा फवारा मारतात, काय चकाचक दिसतं! रबर डिझेलमध्ये फुगतं हे आपण मटेरियल सायन्सला पाच मार्कांसाठी लिहून आलोय, पण तिथे कोणाला आठवत नाही.

दुसरा उपाय म्हणजे सिरॅमिक कोटिंग. माझ्या वर्गातल्या एकाने वडिलांना पटवून पंधरा-वीस हजार मोजले, कारण जाहिरातीत लिहिलं होतं '९ एच हार्डनेस'. मित्रांनो, हे ९ एच म्हणजे मोहचे ९ नव्हेत! ती पेन्सिलची टेस्ट आहे. ड्रॉइंगला आपण २ एच, ४ एच वापरतो ना, त्याच घराण्यातली ९ एच पेन्सिल रेटली तरी ओरखडा उठत नाही, एवढाच अर्थ. वाळू पेन्सिलपेक्षा फारच कडक. कोटिंगचा फायदा आहे, पाणी घरंगळून जातं, घाण कमी चिकटते, धुणं सोपं होतं. पण कोरडं फडकं त्यालाही माफ करत नाही. वर्षातून दोनदा पॉलिश मारून चमक आणू म्हणाल, तर मशीनचं पॉलिश दर खेपेला त्या ४० मायक्रॉनमधूनच एक-दोन खरवडून नेतं. ऊन अडवणारी रसायनंही त्याच थरात असतात. जुन्या गाड्यांच्या टपावर पांढरट पापुद्रे सुटलेले दिसतात ना, तो हा थर संपल्याचा किंवा उन्हाने मेल्याचा प्रकार. बँकेत पैसे टाकत नाही, नुसते काढतोय.

मग धुवायचं कसं? फार अवघड नाही. गाडी सावलीत आणि बॉनेट थंड झाल्यावर. आधी नुसतं पाणी ओतून वाळू वाहून जाऊ द्यायची, हात लावायचा नाही. मग दोन बादल्या, एकीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग हलक्या हाताने पुसायचा, साध्या पाण्यात खळबळून घ्यायचा, मगच परत शाम्पूत. टपापासून खाली यायचं, चाकं शेवटी आणि त्यांचं फडकं वेगळं. खाली पडलेला मोजा धुतल्याशिवाय परत वापरायचा नाही. कपड्यांची पावडर नको, न विरघळलेले दाणे घासतात. भांड्यांच्या लिक्विडने रंग जात नाही, पण वॅक्स निघून जातं. वाळवताना टॉवेल अंथरून टिपायचा, घासायचा नाही. आठवड्यातून एकदा एवढं केलं की मधले सहा दिवस गाडीला हात लावू नका. धूळ दिसू दे! धूळ बसल्यावर वरून कव्हरही घालू नका, वाऱ्याने कव्हर फडफडतं आणि तेच काम करतं जे बनियन करतं.

अपवाद एकच, कबुतरं आणि कावळे. त्यांची 'कृपा' उन्हात तापली की दोन-तीन दिवसांतही कायमचा डाग पडू शकतो. ओला रुमाल दहा मिनिटं ठेवून, भिजवून उचला, खरवडू नका. जानेवारी-फेब्रुवारीत आंब्याच्या झाडाखाली गाडी लावू नका, मोहोरावरचे तुडतुडे वरून चिकटा गाळतात आणि मग त्यावर धूळ अशी बसते की विचारू नका. आणि दसऱ्याला बॉनेटवर हळद-कुंकवाचं स्वस्तिक काढणाऱ्या सर्व भाविकांना विनंती, काचेवर काढा. देवाला चालतं, मी आईला विचारलंय.

बॉइज हॉस्टेलवाल्यांनी हसू नये. लेडीज हॉस्टेलच्या वळणावर थांबून खिशातल्या रुमालाने काळी टाकी पुसणारे रोज दिसतात आम्हाला वरून. त्या टाक्यांवरचे ओरखडेही दिसतात.

आता माझी सूचना. पगार तोच ठेवा, काम बदला. दिवसाला तीन गाड्या, आठवड्याचे सहा दिवस, झाल्या १८. एका गाडीला आठऐवजी पन्नास मिनिटं. पाणी गाडीमागे तीन बादल्या, म्हणजे ४५ लिटर, तिघींचे १३५. आज ६० लागतं. दिवसाला ७५ लिटर जास्त हवं, आणि ज्या कॅम्पसमध्ये एप्रिलपासून टँकर येतो तिथे हे मागायला तोंड हवं, मान्य आहे.

त्यासाठी कॉम्प्युटर सेंटरच्या मागची भिंत बघून या. बारा एसींचे बारा पाइप तिथे थेंब थेंब गळत असतात, खाली शेवाळ धरलंय. ऑगस्टमध्ये एका दुपारी मी एका पाइपखाली बादली ठेवली. तीन तासांत जवळजवळ चार लिटर! बारा एसी, दिवसाचे सहा तास धरले तर नव्वदच्या वर जातं. शिवाय हे पाणी हवेतल्या बाष्पाचं, त्यात क्षार जवळजवळ नाहीतच. केमिस्ट्री लॅबच्या टीडीएस मीटरवर आपल्या बोअरचं पाणी ८४० दाखवतं, हे १८. बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके राहतात ना गाडीवर, ते याचे राहत नाहीत. शेवटचा हात फिरवायला याच्यासारखं पाणी नाही. कोरड्या उन्हाळ्यात ते कमी पडेल, खरं आहे. तेव्हा गाड्या पंधरा दिवसांनी धुवा, काही बिघडत नाही. सुट्टीत निम्मे लोक गावाला असतातच.

खर्च म्हणजे एक पिंप, बारा पाइपांना जोडणारा एक लांब पाइप, दोन जादा बादल्या, चार मोजे आणि शाम्पू. वर्कशॉपमध्ये जुना पीव्हीसी पाइप पडलेला आहे, सुपरिंटेंडेंट साहेबांना विचारलंय, नाही म्हणाले नाहीत. काकांना दोन बादल्यांची पद्धत एका रविवारी दाखवली, दुसऱ्या गाडीला ते माझ्यापेक्षा नीट करत होते.

हे सगळं लिहून क्वार्टर्स कमिटीला अर्ज तयार केलाय. लाल गाडीच्या सरांनी तो वाचला, दोन प्रश्न विचारले, एक एसीच्या पाण्यावर आणि एक माझ्या बेरजेवर, आणि खाली पहिली सही केली. लेडीज हॉस्टेलच्या ४१ सह्या झाल्यात. बॉइज हॉस्टेलचा कागद मेसच्या काउंटरवर ठेवलाय. पेन आपापलं आणा, तिथलं चालत नाही.