खर्च कोणाच्या माथी?

संगणकावरील प्रोग्रॅमचा दर्शनी भाग संकेतस्थळाच्या धर्तीवर बांधावयाचा, ही पद्धत गेल्या दशकात रूढ झाली. तिचे अर्थकारण मात्र क्वचितच तपासले जाते. २०१३ साली गिटहब कंपनीत जन्मलेल्या 'इलेक्ट्रॉन'मध्ये प्रत्येक प्रोग्रॅमबरोबर क्रोमियम हा अख्खा ब्राउझर बांधून दिलेला असतो. स्लॅक, डिस्कॉर्ड, व्हिज्युअल स्टुडिओ कोड हे सारे याच घराण्यातले. तिन्ही एकदम उघडले की रॅममध्ये तीन ब्राउझर नांदू लागतात. विंडोज, मॅक व लिनक्ससाठी तीन स्वतंत्र चमू पोसावे लागत नाहीत, हा कंपनीचा लाभ. वाचलेली मजुरी नफ्यात जमा होते आणि रॅमचा खर्च वापरणाऱ्याच्या माथी पडतो. चार गिगाबाइटच्या जुन्या यंत्रावर शिकणाऱ्या विद्यार्थ्याला नवे यंत्र घ्यावे लागले, तर त्याची नोंद कंपनीच्या ताळेबंदात कोठेही नसते. कारखान्याचे सांडपाणी नदीत सोडण्याचाच हा प्रकार!

जून २०२२ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या 'टाउरी'ची वाट निराळी आहे. दर्शनी भागासाठी ती यंत्रात आधीच असलेले ब्राउझरचे इंजिन उसने घेते आणि मागचे काम रस्ट या भाषेवर सोपवते. रस्टचे रूपांतर आधीच यंत्रभाषेत झालेले असते, व मेमरीच्या हाताळणीतील बहुतेक चुका त्या रूपांतराच्या वेळीच पकडल्या जातात. इलेक्ट्रॉनचा साधा प्रोग्रॅमही शंभर मेगाबाइटच्या वर जातो, टाउरीचा काही मेगाबाइटांत मावतो. रॅम मात्र त्या प्रमाणात वाचत नाही. उसने असले तरी तेही ब्राउझरचेच इंजिन.

शिवाय ते उसने कोणाकडून? विंडोजवर मायक्रोसॉफ्टकडून, मॅकवर ॲपलकडून. एकच पान दोहोंकडे वेगळे दिसू शकते, आणि ते तिन्हीकडे तपासण्याचे श्रम प्रोग्रॅमरच्या वाट्याला येतात. टाउरीचा स्रोत सर्वांना खुला आहे, रस्टचाही. परंतु रस्ट जिच्या आश्रयाने वाढली त्या मोझिलाने ऑगस्ट २०२० मध्ये सुमारे २५० जणांना कामावरून कमी केले. फेब्रुवारी २०२१ मध्ये रस्टसाठी प्रतिष्ठान स्थापन झाले, तेव्हा संस्थापकांत मोझिलाबरोबर ॲमेझॉनची वेब-सेवा शाखा, गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि वावे होत्या. सामायिक गायरानाची राखण जमीनदारांच्या वर्गणीवर चालावी, तशी ही स्थिती.

सार्वजनिक पैशातून प्रोग्रॅम बांधून घेणाऱ्या शासनसंस्थांनी तो किती जुन्या यंत्रावर चालला पाहिजे, ही अट निविदेतच घालावी. आणि त्या पैशाचा काही अंश अशा खुल्या साधनांच्या देखभालीसाठी राखून ठेवावा.