दोष खुंटीचा, शिक्षा पिशवीला

१/ ‘मुले झाली, आता पिशवीचे काय काम?’ हा प्रश्न महाराष्ट्रात इतक्या सहजतेने विचारला जातो की तोच वैद्यकाचा अंतिम निष्कर्ष वाटावा. इतिहासाची साक्ष नेमकी उलट आहे, आणि ती मुंबईतूनच मिळते.

२/ विषय ‘अंग बाहेर येणे’ या व्याधीचा, म्हणजेच गर्भाशयभ्रंशाचा. यात गर्भाशय बहुधा रोगट नसते. त्याला तोलून धरणारे बंध आणि ओटीपोटाच्या तळाचे स्नायू सैल पडलेले असतात. वारंवारची बाळंतपणे, अडलेली प्रसूती, जड ओझी ही त्याची कारणे. दोष खुंटीचा असतो, टांगलेल्या वस्तूचा नव्हे.

३/ प्राचीन ग्रीक वैद्य अशा स्त्रीला शिडीला उलटे बांधून हिसके देत; आधारासाठी अर्धे डाळिंब आत बसवीत. १८७७ मध्ये फ्रान्सच्या लेओं ल फोर यांनी योनिमार्ग अंशतः शिवून बंद करण्याची पद्धत मांडली. वैवाहिक जीवन मागे पडलेल्या वृद्धेलाच ती मानवणारी होती.

४/ १८८८ पासून मँचेस्टरमध्ये आर्चिबाल्ड डोनाल्ड यांनी नवी शस्त्रक्रिया रुजवली; फॉदरगिल यांनी पुढे तिच्यात सुधारणा केली. गर्भाशय राखायचे, बंध आवळायचे, पण गर्भाशयमुखाचा भाग छाटायचा. या छाटणीमुळे पुढे गर्भधारणेत अडथळे आणि गर्भपात संभवत.

५/ भारतात हा दोष गंभीर ठरला, कारण येथे ही व्याधी ऐन तारुण्यातील स्त्रियांनाही ग्रासत होती. गोव्यातील शिरोडा येथे १८९९ साली जन्मलेले आणि मुंबईत नावारूपास आलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी छाटणीच टाळली. मागचे बंध सोडवून त्यांनी ते गर्भाशयमुखाच्या पुढे आणून शिवले. दुसऱ्या पद्धतीत त्यांनी पट्टीच्या साहाय्याने गर्भाशय मागे त्रिकास्थीच्या वरच्या कडेला बांधले.

६/ मुंबईचेच डॉ. बी. एन. पुरंदरे यांनी पोटाच्या स्नायूंच्या आवरणाची पट्टी, आणि पुढे कृत्रिम धाग्याची पट्टी, वापरून गर्भाशयमुख पोटाच्या पुढच्या भिंतीला तोलून धरले. या सर्वांचे सूत्र एकच होते: अवयव राखा, आधार दुरुस्त करा.

७/ यामागे स्त्रीमुक्तीचा विचार होता असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. अपत्याची सामाजिक अपेक्षाच येथे प्रबळ होती. मूल हवे तोवर पिशवी अमोल, मूल झाले की अडगळ, ही एकाच नाण्याची दोन अंगे आहेत. दोन्हींत स्त्रीचे शरीर तिच्या स्वतःच्या मालकीचे नाही.

८/ त्या नाण्याची दुसरी बाजू बीडमध्ये दिसली. २०१९ च्या शासकीय चौकशीत ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. अनेकींच्या तक्रारी अंगावरून पांढरे जाणे, पोटदुखी, अतिरक्तस्राव अशा होत्या. आजार निराळे, उत्तर मात्र तेच. डोक्यावर मुकादमाची उचल आणि खाड्याचा दंड असताना त्या ‘संमती’ला संमती म्हणणे हा शब्दाचा अपमान आहे.

९/ गर्भाशय काढणे काही वेळा योग्यच असते, हे मान्य. तथापि भ्रंशात केवळ ते काढून आधार सैलच ठेवला, तर योनीचा वरचा भाग पुन्हा खाली उतरू शकतो. म्हणजे तडजोड म्हणूनही हा उपाय अपुरा.

१०/ अवयव राखण्याचे कौशल्य याच भूमीत विकसित झाले. ‘दुसरा मार्गच नव्हता’ हे म्हणूनच असत्य आहे. मार्ग होता, ऊसाच्या फडातील बाईपर्यंत तो कोणी पोहोचू दिला नाही. शिरोडकरांचे नाव अभिमानाने घेणाऱ्या महाराष्ट्राने आधी याचे उत्तर द्यावे.