झाकलं म्हणजे मिटलं नाही!

मागच्या वर्षी गॅदरिंगच्या आधी आम्ही सहा जण लवासाला गेलो होतो. वरसगाव धरणाच्या पाण्याकाठी, दासव्यात, इटलीतल्या पोर्टोफिनोच्या धर्तीवर बांधलेल्या रंगीत इमारतींची रांग तुम्हीही फोटोत पाहिली असेल. परत आल्यावर मी इंकस्केपमध्ये तिचीच नक्षी काढली. घराला खेटून घर, भिंतीवर छप्पर. सगळं सोनेरी, प्रत्येक घराभोवती पांढरी कड. स्टेजमागच्या प्लायवर चिकटवायची होती. स्क्रीनवर एकदम झकास!

रेडियमवाल्या काकांनी फाईल कटिंग मशीनला दिली आणि दोन मीटर रेडियम वाया गेलं. मशीनला रंग कळत नाही, नुसत्या रेषा कळतात. माझी पांढरी कड त्याच्या लेखी नव्हतीच. पुढच्या घराखाली लपलेली मागच्या घराची भिंतसुद्धा सुरीनं इमानदारीत कापली. हातात आल्या चिंध्या. पैसे सगळ्यांच्या वर्गणीचे, चूक फक्त माझी.

मग रात्रभर रूमवर बसून शिकलो. आधी आउटलाइन व्ह्यू लावायचा. झाकलेलं सगळं उघडं पडतं. भिंत आणि तिचं छप्पर युनियननं एक करायचं. पुढच्या घराची एक प्रत काढून आउटसेटनं जरा फुगवायची आणि डिफरन्सनं मागच्या घरातून वजा करायची. मध्ये खरीखुरी फट राहते. प्रतच वापरा, कारण वजाबाकीत वरचा आकार नाहीसा होतो. आणि कंबाइनला युनियन समजू नका! कंबाइन आकार एकत्र बांधतं, आतल्या रेषा तशाच ठेवतं.

कोणी म्हणेल, छापायचंच असेल तर एवढा खटाटोप कशाला? खरंय, कागदावर फरक दिसत नाही. पण आपल्या फाईली पुढच्या बॅचकडे जातात, उद्या लेझर कटरवर चढतात. आपण झाकलेलं त्यांना निस्तरावं लागतं.

खुद्द लवासाचंच बघा ना. रंग आजही छान दिसतात. पण 2010 साली पर्यावरण परवानगीवरून काम अडलं, 2018 साली कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. वरच्या रंगानं खालचे प्रश्न मिटले नाहीत.

असो. यंदाच्या गॅदरिंगची फाईल ज्याच्याकडे असेल त्याला एकच विनंती: काकांकडे जाण्याआधी आउटलाइन व्ह्यू एकदा बघाच. वर्गणी आमचीही आहे!