काच पुसण्याचे काम कोणाचे?

काही हवामान केंद्रांवर व कृषी संशोधन केंद्रांच्या आवारात पायरॅनोमीटर नावाचे उपकरण असते. खांबावर बसविलेला लहानसा काचेचा घुमट, एवढेच त्याचे बाह्य रूप. एक चौरस मीटर जागेवर क्षणोक्षणी किती सौर ऊर्जा पडते, हे त्यावरून वॅटमध्ये कळते. पिकास रोज किती पाणी लागेल याचा हिशेब करताना तापमान, आर्द्रता व वारा यांच्या जोडीला हाही आकडा घेतात. एवढ्याच जागेवरील १ मिलिमीटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे २.४५ मेगाज्यूल ऊर्जा खर्ची पडते. तेव्हा प्रकाशाचा आकडा चुकला की पाण्याचा हिशेबही चुकतो.

पर्जन्यमापक फुटला तर तो डोळ्यांना दिसतो. प्रकाशमापक मात्र मळला तरी आकडा देतच राहतो. उन्हाळ्यात काचेवर धूळ साचते व आकडा दिवसेंदिवस उतरत जातो. त्यावर विसंबून पाणी बेतल्यास ऐन उन्हात पिकास ते कमी पडते. पुढे वळवाची सर काच धुऊन काढते आणि आकडा एकाएकी चढतो. सूर्य मात्र तोच असतो.

म्हणून आमचे स्पष्ट मत आहे की, काच पुसण्याचे काम प्रत्येक केंद्रावर एकाच व्यक्तीकडे लेखी सोपवावे. ‘कोणीतरी पुसेल’ ही व्यवस्था म्हणजे कोणीच न पुसण्याची व्यवस्था होय. नाजूक यंत्रास हात लावण्याचा संकोच स्वाभाविक आहे. परंतु यंत्र उघडणे तंत्रज्ञाचे काम असले, तरी पुसणे, पाहणे व नोंद ठेवणे गावातील कार्यकर्त्यास सहज जमण्याजोगे आहे.

काच शक्यतो रोज सकाळी स्वच्छ पाणी व मऊ सुती फडक्याने पुसून कोरडी करावी. राख, धुण्याची पावडर किंवा खरबरीत कापड वापरू नये. काचेवर चरे पडतात. पाणसळीतील बुडबुडा मधोमध आहे की नाही, हेही पाहावे.

दोषाचे मूळ बहुधा आकड्यांतच सापडते. निरभ्र दिवसांत आकडा रोज ठरावीक वेळी पडत असेल, तर फांदीची वा खांबाची सावली शोधावी. मध्यान्हापूर्वीचे व नंतरचे समान अंतराचे आकडे जुळत नसतील, तर उपकरण कलले असण्याचा संभव आहे. रात्री आकडा शून्याच्या आसपास असावयास हवा; तो फार दूर असल्यास आत दमटपणा शिरला असेल किंवा उंदरांनी तार कुरतडली असेल. अशा वेळी तंत्रज्ञास बोलवावे. सर्वसाधारणपणे दर दोन वर्षांनी उपकरणाची प्रमाण उपकरणाशी तुलना करून घ्यावी.

पुसण्यापूर्वीचा व नंतरचा आकडा वेळेसह वहीत लिहावा. मागील आकडे अंदाजाने कधीही सुधारू नयेत. शेतकरी बंधूंनीही केंद्रावर गेल्यावर ती वही अवश्य मागून पाहावी. आपल्या पाण्याचा हिशेब ज्या काचेतून होतो, ती स्वच्छ आहे की नाही हे विचारण्याचा त्यांना पूर्ण अधिकार आहे.