मूसाच्या भावाची साक्ष

गाजलेली कादंबरी दुसऱ्या पात्राच्या तोंडून नव्याने सांगायची म्हटलं, की बहुतेक लेखक त्या पात्राचं वकीलपत्रच घेतात. मूळचा दुष्ट बिचारा ठरतो आणि नायक पिंजऱ्यात उभा राहतो. आपल्याकडे कर्णाच्या नावावर असं पुष्कळ लिहून झालं आहे. मला हे अपुरं वाटतं. याहून पुढे कसं जाता येतं, ते कामेल दाऊद या अल्जीरियन लेखकाने दाखवलं आहे.

अल्बेर काम्यूची ‘द आउटसायडर’ १९४२ सालची. भर उन्हात समुद्रकिनाऱ्यावर तिचा नायक म्यर्सो एका अरबाला गोळी घालतो. तो पडल्यावर आणखी चार. अख्ख्या पुस्तकात मेलेल्याला नाव नाही. दाऊदने २०१३ साली आपल्या कादंबरीत त्याला मूसा हे नाव दिलं आणि त्याच्या धाकट्या भावाला, हारूनला, बोलतं केलं. म्हातारा झालेला हारून ओरानच्या एका बारमध्ये बसून सगळी हकिगत सांगतो.

एवढ्यावर थांबला असता तर दाऊदही वकीलच ठरला असता. पण १९६२च्या जुलैत, अल्जीरिया नुकताच स्वतंत्र झालेला असताना, हारून एका रात्री जोसेफ नावाच्या फ्रेंच माणसावर दोन गोळ्या झाडतो. आई मागे उभी असते. तिला मूसाचा सूड हवा असतो. हारूनला पकडून नेल्यावर अधिकाऱ्याला खुनाचं फारसं काही वाटत नाही. त्याचा राग वेगळाच: मारायचंच होतं तर ५ जुलैच्या आधी, लढा चालू असताना का नाही मारलंस? पुढे खटलाही न चालवता हारूनला सोडून देतात, आणि हाच त्याला अपमान वाटतो.

ज्याच्या घरावर अन्याय झाला त्याच्याच हाताला रक्त लावायचं आणि तरीही त्याची बाजू सोडायची नाही, याला मोठी हिंमत लागते. हकलबरी फिनची गोष्ट गुलाम जिमच्या तोंडून सांगणाऱ्या पर्सिव्हल एव्हरेटच्या ‘जेम्स’मध्येही ती आहे. या कादंबरीला २०२५चं पुलित्झर मिळालं.

दाऊद वाचून झाल्यावर काम्यूचा खटल्याचा भाग पुन्हा काढून वाचावा. वृद्धाश्रमाचा संचालक साक्षीला येतो, दरवान येतो, खाणावळवाला, मैत्रीण, शेजारी, सगळे येतात. म्यर्सो आईच्या अंत्यविधीत रडला नाही, याची बारकाईने चौकशी होते. मेलेल्याच्या घरचं मात्र कुणीच साक्षीला येत नाही. ज्या बाईवरून त्या अरबाशी तंटा सुरू झाला होता, तीसुद्धा नाही.