मागावी न लागणारी सुट्टी

नव्या वर्षाची दिनदर्शिका घरात आली, की सरकारी नोकर प्रथम तिच्यातील लाल तारखा पाहतो. तहसील कचेरीत ज्याचे काम अडले आहे, तोही त्याच तारखा पाहतो. एकाला त्यांत विसावा दिसतो, दुसऱ्याला खेपा. मग 'सरकारी नोकरांचे काय, सुट्ट्याच सुट्ट्या' हा शेरा ठरलेला. तो सर्वस्वी खोटा नाही. पण त्यात एक महत्त्वाचा भेद नजरेआड होतो. सुट्टी वेगळी आणि रजा वेगळी.

सुट्टी शासन जाहीर करते. त्यासाठी आधार घेतला जातो तो १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाचा, म्हणजे मुळात हुंड्या-धनादेशांच्या कायद्याचा. रजा मात्र मागावी लागते. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ यांत वर्षाला तीस दिवसांची अर्जित रजा आहे. परंतु रजा हक्क म्हणून मागता येणार नाही, हेही त्याच नियमांत आहे. म्हणजे खात्यावर जमा असलेली रजाही वाट पाहते ती साहेबांच्या सहीची.

सुट्ट्यांविषयीच्या आसक्तीचे मूळ मला येथे दिसते. सुट्टीसाठी कोणापुढे उभे राहावे लागत नाही, कारण सांगावे लागत नाही. आईच्या आजारपणासाठी दोन दिवस मागताना ज्या कारकून बाईंना ओशाळवाणे व्हावे लागते, त्यांना न मागता मिळालेला कुठल्याशा जयंतीचा दिवस प्रिय वाटला तर नवल कसले? पण आईचे आजारपण दिनदर्शिका पाहून येत नाही. नको तेव्हा सुट्टी आणि हवी तेव्हा नकार, असा हा उफराटा व्यवहार आहे.

नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांनी १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवार मिळाला. ती विश्रांती श्रमाच्या मोबदल्यात मिळवलेला हक्क होती. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाने पाच दिवसांचा आठवडा केला, तेव्हाही रोजच्या कामाची वेळ वाढवून तो हिशेब राखण्याचा प्रयत्न झाला. जयंत्या-पुण्यतिथ्यांच्या सुट्ट्यांना असा हिशेब नसतो. थोरांचे स्मरण कचेरीला कुलूप लावून होते, हे त्या थोरांपैकी किती जणांना रुचले असते? उत्तर प्रदेशाने २०१७ मध्ये अशा पंधरा सुट्ट्या एकदम रद्द केल्या. परंतु नुसते काढून घेणे हे अर्धेच उत्तर झाले.

माझे म्हणणे इतकेच, की राष्ट्रीय दिन आणि मोजके मोठे सण ठेवून उरलेले दिवस प्रत्येकाच्या नावे जमा करावेत. ज्याने त्याने ते आपल्या श्रद्धेप्रमाणे, गरजेप्रमाणे घ्यावेत. पूर्वसूचना द्यावी, कारण देऊ नये; आणि नाकारायचेच झाले तर कारण लेखी देण्याची जबाबदारी साहेबांवर असावी. कचेरी उघडी राहील, माणूसही मोकळा राहील. मात्र क्रम महत्त्वाचा: रजेचा हक्क आधी, सुट्ट्यांची काटछाट नंतर. क्रम उलटला, तर बाईंच्या हाती फक्त अर्ज उरेल.

आणि रांगेत उभ्या असलेल्या माणसाला एवढेच हवे असते, की खिडकीपलीकडे कोणीतरी असावे.