उद्देशिका फाटकावर, आम्ही फाटकाबाहेर

आमच्या वस्तीतल्या संडासाच्या लायनीतून एका कॅथलिक शाळेचं फाटक दिसतं. शाळेचं नाव लिहीत नाही. लिहून काय होणार, वॉचमन तोच राहणार. फाटकाशेजारी संविधानाची उद्देशिका लावलीय, काळ्या दगडावर सोनेरी अक्षरं. रोज सकाळी पोरं ओळीत उभी राहून ती म्हणतात. न्याय, स्वातंत्र्य, समता, बंधुता. इंग्रजीतून. भिंतीवरून आवाज वस्तीत येतो आणि आमची माणसं हातात डबडं धरून तो ऐकतात.

ही टूम त्या शाळेच्या फादरची नाही. २०२४ साली कॅथलिक बिशपांच्या राष्ट्रीय परिषदेनं देशभरच्या आपल्या शाळांना सूचना काढल्या. सगळ्या धर्मांचा मान राखा, दुसऱ्या धर्माच्या पोरांवर आपले रिवाज लादू नका, सर्वधर्म प्रार्थनेची खोली करा, उद्देशिका दारात लावा आणि रोज म्हणा. कारण उघड आहे. ६ डिसेंबर २०२१ ला, म्हणजे नेमकी आमच्या बापाच्या महापरिनिर्वाणाची तारीख, मध्य प्रदेशातल्या गंजबासौद्याला पोरं परीक्षेला बसलेली असताना जमावानं कॅथलिक शाळेवर दगडफेक केली. २०२४ च्या फेब्रुवारीत आसामात धमक्या आल्या : शाळेतले येशू-मेरीचे पुतळे हलवा, फादरांनी झगे घालू नयेत. मग परिषद बसली, भविष्याचा विचार झाला आणि ढाल म्हणून कोणाला पुढं केलं? बाबासाहेबांच्या संविधानाला.

करा की. हरकत नाही. आणि आमची बाजू आधीच सांगून टाकतो, नाहीतर उद्या कोणीतरी हा लेख कापून शाखेत वाचायचा. दगड मारणाऱ्यांच्या रांगेत आम्ही नाही. ज्यांना फादरचा झगा खुपतो त्यांना आमचा निळा झेंडा त्याहून जास्त खुपतो. शाळेवर दगड पडला तर भिंतीच्या ह्या बाजूनं पहिले धावणारे आम्हीच असू.

पण फादर, धावत आल्यावर फाटक उघडाल ना?

२००९ चा शिक्षणहक्क कायदा आला. खाजगी शाळांनी पहिलीच्या पंचवीस टक्के जागा गरीब आणि वंचित पोरांना द्यायच्या. वस्तीत पेढे वाटले नाहीत, पण बायका झेरॉक्सच्या दुकानात रांगा लावू लागल्या. २०१२ साली सुप्रीम कोर्टानं विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना यातून वगळलं. ६ मे २०१४ ला प्रमती खटल्यात पाच न्यायमूर्तींनी सांगितलं की अनुदानित असो की विनाअनुदानित, अल्पसंख्याक शाळेला हा कायदाच लागू नाही. कलम ३०. आपली संस्था आपल्या मर्जीनं चालवायचा हक्क.

कलम ३० आम्हाला पाठ आहे. तेही आमच्याच संविधानात आहे आणि ते राहिलंच पाहिजे. प्रश्न एवढाच की ते कोणासाठी वापरताय? २०२१ साली राष्ट्रीय बालहक्क आयोगाचा अहवाल आला. आयोगाची नियत काय होती ते आम्ही ओळखतो, त्यांना गरिबाचा पुळका नव्हता, अल्पसंख्याकांवर काठी हवी होती. तरी आकडा बघा. ख्रिस्ती शाळांतली सुमारे ७४ टक्के पोरं ख्रिस्ती नाहीतच. आणि सगळ्या अल्पसंख्याक शाळा मिळून सामाजिक-आर्थिकदृष्ट्या वंचित पोरं ९ टक्क्यांच्या आत. म्हणजे अल्पसंख्याकांच्या नावाची पाटी, आत बहुसंख्याकांची शेठजी-साहेबांची पोरं आणि बाहेर आम्ही. ह्याला धर्मस्वातंत्र्य म्हणायचं का क्लब?

त्यातही मेख अशी की बाहेर उभी असलेली कित्येक पोरं ख्रिस्तीच आहेत. नगर जिल्ह्यात जेझुइट पाद्री महारवाडे-मांगवाडे तुडवत फिरले. राहुरी, संगमनेर, श्रीरामपूरकडं आमचीच भाऊबंद ख्रिस्ती झाली. मराठी शाळा निघाल्या, बोर्डिंगं निघाली. जिथं गावचा मास्तर पोराला उंबऱ्याबाहेर बसवायचा तिथं फादरनं पाटी-पेन्सिल हातात दिली. कोण मास्तर झालं, कोण नर्स. ते ऋण आम्ही नाकारत नाही. पण त्याच जेझुइटांनी मुंबईत १८६९ साली सेंट झेवियर्स काढलं. एकाच संघाच्या दोन शाळा : मांगवाड्याला मराठी आणि बोर्डिंगची डाळ, शहरातल्या वरच्यांना इंग्रजी आणि बिलियर्डवाल्यांची दोस्ती. दीडशे वर्षांत ही दोन दारं एक झाली नाहीत. खरं नियोजन करायचं ते इथं.

दरवर्षी १० ऑगस्टला चर्च काळा दिवस पाळतं. १९५० च्या त्याच तारखेच्या राष्ट्रपतींच्या आदेशानं दलित ख्रिस्त्याला अनुसूचित जातीतून बाहेर काढलं. शिखांना १९५६ साली घेतलं, आम्हा बौद्धांना १९९० साली, त्यांना अजून नाही. मागणी शंभर टक्के रास्त आहे, आम्ही तुमच्या मोर्च्यात येऊ. २०१६ साली बिशपांनी दलित सबलीकरणाचं धोरण काढलं, चर्चच्या आत अस्पृश्यता आहे हे स्वतःच्या तोंडानं कबूल केलं. चांगलं केलं. पण सरकारकडं ज्यांच्यासाठी आरक्षण मागता त्यांच्यासाठी स्वतःच्या शाळेत किती बाकडी राखून ठेवलीत? दिल्लीत मेणबत्ती आणि वांद्र्यात डोनेशन, हे एका तोंडानं कसं जमतं?

आमच्यातले काही शहाणे म्हणतील, आधी आपल्या संस्था बघा. बघतोय की. बाबासाहेबांनी १९४५ ला पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, तिच्या गादीसाठी आमचे पुढारी कसे भांडले ते आम्ही जाणतो. त्यावरही लिहू, ह्याहून कडक लिहू. पण त्यानं फादरचं फाटक बंद ठेवायला सवलत मिळत नाही.

आता वारं फिरतंय. १ सप्टेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायमूर्तींनी प्रमतीच्या निकालावर शंका घेतली आणि मोठ्या पीठानं तो तपासावा म्हणून प्रकरण सरन्यायाधीशांकडं पाठवलं. म्हणजे उद्या कायद्याचा दंडा येऊ शकतो. त्याच्या आधी स्वतः दार उघडलंत तर ती तुमची शाळा. दंड्यानं उघडलंत तर दंडा धरणारा कोण असेल हे आम्ही सांगायला नको. तो पंचवीस टक्क्यांवर थांबणारा नाही. तेव्हा कलम ३० च्या बाजूनं रस्त्यावर कोण उतरणार? तुमचे माजी विद्यार्थी? ते अमेरिकेत आहेत.

पंचवीस टक्के जागा काढा. आधी भिंतीला लागून असलेल्या वस्तीतल्या पोरांना, मग ती बौद्ध असोत, मातंग असोत, मुसलमान असोत की तुमचीच दलित ख्रिस्ती. फीचा प्रश्न काढू नका, वरच्या पंचाहत्तर टक्क्यांकडून घ्या, त्यांच्या वाढदिवसाच्या केकचे पैसे पुरतील. पोराला आत घेऊन मागच्या बाकावर बसवणार असाल, त्याच्या डब्याला नाक मुरडणार असाल, तर तेही आम्ही बघू. आणि किती दलित पोरं, किती दलित शिक्षक, हा आकडा उद्देशिकेच्या शेजारीच लावा. दगड शिल्लक असेल त्यावर.

जूनमध्ये आम्ही फाटकावर येतोय. हातात पोरांचे जन्मदाखले असतील, आणि त्यांच्या झेरॉक्स.